बोलत नाही असं जिच्याबद्दल लिहिलं

अन्याय झाला तो सिद्धगडाखालच्या एका वाडीतल्या सुनेवर. दोन हजार चार साली, गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणाआधी. जागा मुरबाड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतला तिसरीचा वर्ग. अन्याय करणारी माणसं चांगली होती, शिकलेली होती, आणि त्यांनी येताना सगळ्यांसाठी बिस्किटंही आणली होती. हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही कुणीतरी खलनायक शोधत बसाल.

शिबिर आमच्याच संघटनेचं. नाव 'मन मोकळं करा'. पत्रकं मीच वाटत होते. मी सापगावची, नुकतीच बीए झालेली, आणि पत्रकात छापलेलं सगळं खरं असतं अशी माझी समजूत होती. पत्रकात लिहिलं होतं की दुःख सांगितलं की हलकं होतं. ऐकणाऱ्यांसाठी वेगळ्या सूचना होत्या आणि त्या फळ्याशेजारी चिकटवल्या होत्या. मध्ये बोलू नये. होकार-नकार देऊ नये. चेहरा शांत ठेवावा. समोरच्याला अवकाश द्यावा.

त्या सुनेचं दुसरं मूल आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, जन्मतानाच गेलं होतं. तेव्हापासून ती झोपत नव्हती, चुलीपुढे बसली की बसूनच राहायची. नवरा तिला घेऊन आला होता, सोबत सासू आणि तीन वर्षांची मुलगी. आल्या आल्या नवऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, हिच्या डोक्यात बिघाड हाय असा लिहून भेटेल का?" कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाला, "कागद असला तं बरा पडतो." कागद कशाला बरा पडतो ते नंतर कळलं. दुसरीकडे त्याच्या सोयरिकीचं बोलणं अर्धं झालं होतं. हिला ठाण्याला पोचवायचं आणि मुलगी आपल्या आईकडे ठेवायची, असा त्याचा बेत होता. आमच्या भागात 'ठाण्याला पोचवणं' म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात टाकणं, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

समुपदेशक बाई मुंबईच्या. रेल्वेनं आणि पुढे जीपनं आल्या होत्या. आवाज मऊ, ओढणी सुती. सुनेला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "सांग, तुला जे सांगावंसं वाटतं ते." मी दाराशी रांग सांभाळत होते, सगळं दिसत होतं.

सून म्हणाली, "सकाळच्या पारी मी आवणीला गेले."

आणि थांबली.

बाई शांत. चेहऱ्यावर छापील सूचनेबरहुकूम शांतता.

सुनेनं त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा म्हणाली, "आवणीला गेले. कमरंत दुखाया लागलं." पुन्हा थांबली. बाईंनी डोळ्यांनी माया दाखवली, तोंडानं काही नाही. तिसऱ्यांदा सुनेनं नुसतं "मंग" म्हटलं, पदर दातात धरला आणि भिंतीवरच्या बाराखडीच्या तक्त्याकडे बघत बसली. बाईंनी बराच वेळ अवकाश दिला. मग लिहिलं: 'संवाद साधत नाही. प्रतिसाद नाही. पुढील तपासणीसाठी ठाणे.' खाली सही, शिक्का. नवऱ्यानं कागद घडी करून खिशात घातला, नोकरी लागल्याचं पत्र असावं तसा.

मी सुनेला हातपंपावर गाठलं. चिडलेच होते. "अगं, एवढ्या लांबून आलीस आणि बोलली का नाहीस?"

"बोलू कुणाशी, ताई? त्या बाई हूं नाय की चूं नाय. मला वाटला त्यांना ऐकाया येत नाय." मग हळूच म्हणाली, "बिचारी. एवढी शिकलेली दिसते."

दोघींनी एकमेकींचं निदान केलं होतं. फरक एवढाच की एकीच्या निदानावर शिक्का होता.

वाडीवर कुणी काही सांगायला लागलं, मग ती गोष्ट असो, बाजारातलं भांडण असो की बैल हरवल्याची हकिकत, ऐकणाऱ्यानं प्रत्येक वाक्याला हुंकार द्यायचा असतो. हुंकार आला की सांगणारा पुढचं पाऊल टाकतो. नाही आला तर समजायचं, समोरच्याला ऐकायचं नाही. मग तोंड बंद करण्यात लाज नाही, उलट पुढे बोलत राहणंच निर्लज्जपणाचं. हे मला आमच्या सापगावातही माहीत होतं. पण आमच्या पत्रकात ते नव्हतं, कारण पत्रक छापून पुण्याहून आलं होतं.

मी बाईंकडे गेले. "मॅडम, पुन्हा एकदा बसा."

"अगं, मी तिला पुरेसा अवकाश दिला."

"त्यात ती एकटी पडली, मॅडम. तिच्याजवळ हुंकार देणारं कुणीतरी बसवा."

त्या रागावल्या नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. फक्त म्हणाल्या की तटस्थ माणूस हवा. तटस्थ माणूस त्या शाळेत एकच होता, भिंतीवरच्या तसबिरीतला. शेवटी सासूच बसली, कारण तिला मिसरी लावायला सावली हवी होती आणि व्हरांड्यात जागा नव्हती.

सून म्हणाली, "सकाळच्या पारी मी आवणीला गेले."

"हं," सासू म्हणाली. मिसरीचं बोट तोंडातच होतं. तिला विचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. सवयच ती.

"कमरंत दुखाया लागलं."

"हं."

"मी आत्याबायला सांगितलं, दुखतंय, घरी जाते."

आत्याबायचं बोट थांबलं. हुंकार आला नाही.

सून थांबली. या वेळी ती तक्त्याकडे बघत नव्हती, सासूकडे बघत होती. समुपदेशक बाईंनी पेन खाली ठेवलं. नवरा दारात उभा होता, तो म्हणाला, "आये, चल, जीप जाईल." कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, झालं, गोष्ट इथंच मेली.

सासूनं बाहेर जाऊन चूळ भरली, परत येऊन बसली, पदरानं तोंड पुसलं. "मंग?" म्हणाली. "मी काय बोलले, सांग त्यांना."

"तुमी बोलला, दोन वाफं राह्यलेत, उरकून जाऊ."

"हां," सासू म्हणाली. "बोलले मी."

पुढचं सगळं आलं. वाफे, चिखल, उशिरा मिळालेली जीप, रस्त्यातच झालेलं मूल, ते रडलं नाही ते, त्याला गुंडाळलेलं सासूचं जुनं लुगडं. प्रत्येक वाक्याला "हां" येत होता. मध्ये मध्ये तो आवाज फाटत होता, पण चुकला नाही. सांगून झालं तेव्हा सासूनं नातीला ओढून मांडीत घेतलं आणि मुलाला म्हणाली, "काढ रे तो कागद."

बाईंनी ओळी खोडून नव्यानं लिहिलं की ही बाई बोलते, तिचं मूल गेलंय, तिला झोपेचं औषध आणि घरचा आधार हवा. नवरा म्हणाला, "मंग आता ठाण्याचा कसा?"

"कसा म्हंजे?" सासू म्हणाली. "तुला जायचाय तं जा."

सून मुलीला कडेवर घेऊन जीपमध्ये बसली. मुलगी तिच्याजवळच राहिली.

इथं संपलं असतं तर मी हे लिहीतच बसले नसते. दोन वर्षांनी शहापूरला आरोग्यसेविकांचं प्रशिक्षण होतं. आमच्याच संघटनेनं वाटलेल्या पानांत एक उदाहरण होतं: 'सिद्धगड परिसरातील महिला. बाळ गमावल्यानंतर वाचा गेली. संवाद साधत नाही.' खोडण्याआधीच्या कागदाची कार्बनप्रत संघटनेच्या फायलीत तशीच राहिली होती. वाडीचं नावसुद्धा होतं. त्या वाडीतून आलेली एक मुलगी माझ्या शेजारीच ते वाचत होती. मी उठून सांगितलं की हे खोटं आहे, त्या बाईला विचारलंही नाही. शिकवणारे सर म्हणाले, "ताई, उदाहरण फार बोलकं आहे. बदललं तर मुद्दाच जाईल."

बोलकं म्हणे. ते पान अजून वाटलं जातं.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही डॉक्टर असाल, नर्स असाल, आमच्यासारखे झोळीवाले असाल. माणसाबद्दल जे लिहिलंत ते सही करण्याआधी त्याच्यासमोर, त्याच्या बोलीत मोठ्यानं वाचा. तो 'हो, असंच झालं' म्हणाला तरच सही करा. त्याची गोष्ट दुसरीकडे सांगायची असेल तर त्याच्या दारात जाऊन विचारा. आणि ते सिद्धगडचं पान तुमच्या फायलीत असेल, तर आजच काढून फाडा.