पुदिन्याचे दोन थेंब
कॉलेजच्या औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्राध्यापक आले नि गेले, मामा मात्र एकतीस वर्षं तिथेच. त्यांना खरं नावही होतं, पण हजेरीपुस्तकाबाहेर ते कुणी वापरलं नाही.

त्यांचं काम आतडं टांगण्याचं. ऐकायला कसंतरीच वाटतं, पण त्यात मामांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कत्तलखान्यातून आणलेल्या आतड्याचा पेरभर तुकडा दोऱ्याने बांधायचा, कोमट खारट पाण्यात सोडायचा, खालून हवेचे बुडबुडे चालू करायचे. तुकडा आपणहून आवळतो, सैलावतो आणि दोऱ्याला जोडलेली लेखणी सरकत्या कागदावर लाटा काढत राहते. मग पुदिन्याच्या तेलाचा थेंब टाकायचा. लाटा बुटक्या होत होत रेघ सपाट. तेलामुळे स्नायूत कॅल्शियम शिरत नाही, म्हणून तो आवळत नाही, हे प्राध्यापक फळ्यावर लिहीत. मामा एवढंच म्हणत, "निजलं बघा बाळ."

त्यांचा हट्ट एकच. थेंबानंतर पाणी बदलून तुकडा धुवायचा आणि लाटा परत येईपर्यंत कागद थांबवायचा नाही. कुणी घाई केली की मामांचा पारा चढे. "न धुता काय कळणार तुला? निजलंय की मेलंय?"

मामींना जेवणानंतर पोटात कळा येऊ लागल्या, तेव्हा मामांनी पुदिन्याच्या तेलाची बाटली आणली. चमचाभर पाण्यात दोन थेंब, की अर्ध्या तासात कळ ओसरे. मामींची बहीण म्हणाली, "भावोजी, डॉक्टरला दाखवा एकदा."

"आतड्याशी माझी निम्म्या आयुष्याची ओळख आहे," मामा म्हणाले. "निम्मे डॉक्टर माझ्याच हाताखालून गेलेत."

ते खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. आठ महिने गेले. दोनाचे चार थेंब झाले, चाराचे सहा. एके दिवशी पोट फुगलं, उलट्या थांबेनात आणि थेंबांनी काही फरक पडेना.

शस्त्रक्रिया करणारी डॉक्टरीणबाई मामांचीच विद्यार्थिनी. बाहेर येऊन ती त्यांच्याशेजारी बसली. "मामा, आतड्यात गाठ आहे. यकृतापर्यंत पसरलीय. इतके दिवस दुखत नव्हतं का त्यांना?"

"दुखायचं," मामा म्हणाले. "मी दुखू दिलं नाही."

आता मामांना शहाणपण शिकवायला कुणीही पुढे येईल. त्याची गरज नव्हती. आठ महिन्यांत एक दिवस, फक्त एक दिवस, बाटली बाजूला ठेवून कळ परत येते का हे त्यांनी पाहिलं नव्हतं. ज्या चुकीसाठी त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरं झापली, तीच त्यांनी घरात केली होती.

मामी पुढे सात आठवडे होत्या. "असं तोंड पाडून बसू नका हो," त्या म्हणत. "आठ महिने सुखानं जेवले ना तुमच्यामुळे." मामांना तेच जास्त लागे.

त्या गेल्यावर पंधरा दिवसांनी मामा कामावर आले. तुकडा टांगला, थेंब टाकला, रेघ सपाट झाली. पोरं वह्या मिटू लागली.

"थांबा," मामा म्हणाले. आवाजात नेहमीचा राग नव्हता. "धुवायचं राहिलंय."

त्यांनी जुनं पाणी सोडलं, नवं भरलं. कागद सरकत राहिला. बऱ्याच वेळाने लेखणी जराशी हलली, मग एक पुरी लाट उठली. मामा स्टुलावर बसले आणि पोरांसमोरच रडले.