आपोआप लागणारा ब्रेक

मला गाडी पळवायला आवडतं. जळगावात माझी पॅथॉलॉजी लॅब आहे आणि आईवडील धुळ्याला राहतात, त्यामुळे महिन्यातून दोनतीनदा तो हायवे होतोच. म्हणून गाडी घेताना मी टर्बो इंजिनवालीच घेतली. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की पाठ सीटला चिकटायची. समोर अडथळा दिसला तर स्वतःहून ब्रेक लावणारी यंत्रणाही तिच्यात होती. विकणाऱ्याने ती मोठ्या कौतुकाने समजावून सांगितली होती.

मागच्या हिवाळ्यात वडिलांना, म्हणजे आबांना, घेऊन धुळ्याहून येत होते. पारोळा सोडलं, रस्ता मोकळा होता. अचानक स्क्रीनवर लाल खूण चमकली, पट्टे आवळले आणि गाडी जागच्या जागी थांबली. समोर काहीच नव्हतं. मागून केळीचा ट्रक येत होता. तो कसाबसा बाजूने निघाला आणि ड्रायव्हर खिडकीतून शिव्या देत गेला.

आबा निवृत्त शिक्षक, पण घरात अहिराणीच बोलतात. छातीवरचा पट्टा सैल करत म्हणाले, "कसाले ब्रेक मारा वं?"

"मी नाही मारला, आबा."

"मंग कोणी मारा?"

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

सर्व्हिस सेंटरने गाडी ठेवून घेतली आणि परत देताना मॅनेजर म्हणाला, "मॅडम, स्कॅनरवर काहीच येत नाहीये. चुकून तुमचा पाय पडला असेल."

काही आठवड्यांनी एरंडोलजवळ नवरा चालवत असताना पुन्हा तेच झालं. मी पुन्हा गेले. पुन्हा, गाडी एकदम ओके. तेव्हा मी मॅनेजरलाच शेजारी बसवलं आणि पारोळ्यापर्यंत नेऊन आणलं. गाडी लोण्यासारखी चालली. तो नुसता खिडकीबाहेर बघत हसला. ट्रकखाली येता येता वाचले त्याचा जितका राग आला नव्हता, तितका त्या हसण्याचा आला.

"ही यंत्रणाच बंद करून द्या," मी म्हणाले.

"बंद होते, पण गाडी पुन्हा सुरू केली की आपोआप चालू होते. सेफ्टी फीचर आहे ना मॅडम."

मी कंपनीच्या मागेच लागले. शेवटी पुण्याहून त्यांचा इंजिनिअर आला. तो एकटाच गाडी घेऊन गेला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"लागला ना ब्रेक?" मी विचारलं.

"हो. कॅमेरा आणि रडार, दोन्ही बदलतो."

"पण असं होतं कशामुळे?"

"ते नाही सांगता येणार. पार्ट नवे टाकतो." यापलीकडे ना त्याने काही सांगितलं, ना कंपनीने.

मग मी गाडी विकायला काढली. भडगावहून एक जोडपं आलं, बाईच्या कडेवर लहान मुलगी होती. नवऱ्याला गाडी फार आवडली. मी घडलेलं सगळं सांगितलं.

"आता दुरुस्त झालीय ना पण?" त्याने विचारलं.

"झालीय असं ते म्हणतात. काय बिघडलं होतं ते त्यांनाही माहीत नाही."

बाई फाटकाकडे चालायला लागली. तो थोडा वेळ गाडीकडे बघत उभा राहिला आणि तिच्या मागे गेला.

गाडी माझ्याकडेच राहिली. त्यानंतर तिने तसं केलेलं नाही. तरी मी डाव्या लेनमधून जाते, मागे ट्रक दिसला की त्याला पुढे जाऊ देते आणि गाडीत कुणाला बसवत नाही.

या उन्हाळ्यात साक्रीला लग्न होतं. आबांना घ्यायला मी धुळ्याला गेले. ते तयार होऊन बाहेर आले तर दारात भाड्याची गाडी उभी.

"तुनी गाडी कोठे शे?"

"जळगावला, घरी ठेवलीय."

"आते चांगली शे ना ती?"

"माहीत नाही, आबा."

हे त्यांना पटलं नाही. इतकी महागाची गाडी घरी ठेवून भाड्याच्या गाडीतून लग्नाला जायचं म्हणजे काय! ते पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले आणि साक्री येईपर्यंत त्याच्याशीच गप्पा मारत राहिले.