नसरीनचं उत्तर

कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला चंद्रपूरचं ते उन्हाळी शिबिर आठवतं. आर्थिक विचारांचा इतिहास मूळ ग्रंथांतून वाचायचा म्हणून आम्हा प्राध्यापकांना बोलावलं होतं. माझ्या शेजारी नसरीन बसली होती. ती माझी जुनी विद्यार्थिनी, धानोऱ्याच्या कॉलेजात नुकतीच लागलेली.

अर्थशास्त्राच्या जनकानं सरकारला कोणती कामं दिली, असं तिथे शिकवणाऱ्या सरांनी विचारलं. नसरीन उत्साहानं उठली. "काहीच नाई, सर. सगळं बाजारावर सोडलं." वाक्य माझं होतं, हातवारेही माझेच.

सरांनी मूळ पान वाचून दाखवलं. रस्ते, पूल, गरिबांच्या मुलांचं शिक्षण हे सरकारनं बघावं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

"कोणी शिकवलं हो तुम्हाला?" सर हसले. सभागृहही हसलं.

"माझंच वाचायचं चुकलं, सर," नसरीन म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

मी उठले. "मी शिकवलं. गाइडमधून."

खाली बसल्यावर ती कुजबुजली, "मॅडम, तुमी काऊन उठल्या? मी घेतलं असतं ना सांभाळून."

तेव्हा मला त्या हसण्याची लाज वाटली होती. आता हसणाऱ्यांचे चेहरेही आठवत नाहीत. आठवते ती आलापल्लीची एक मुलगी. तिनं परीक्षेत याच प्रश्नाला रस्ते आणि शाळा असं लिहिलं होतं, आणि मी ते लाल शाईनं खोडलं होतं.