दोन पानांमधली कोरी जागा

मी बी.ए. झालो तो जुन्नरच्या, दगडावरून छपाई करणाऱ्या शिळाछापवाल्या चाचांमुळे. छापलेला कागद हाती आला की चाचा आधी तो वाचत नसत. कागद उलटा धरून, हात लांब करून, डोळे बारीक करून बघत. “अक्षर मागनं, मास्तर. आदी पान दम घेतंय का बगा.”

माझे वडील आणे गावचे शेतकरी. घरात साधी पाटी नव्हती. चाचांनी मुद्रिते तपासायला देऊन मला पुण्यात शिकवले. पुढे मी जुन्नरच्या सरकारी शाळेत लागलो आणि चाचांच्या संगीत मासिकात लिहू लागलो.

एकदा मी एका वृद्ध गायिकेवर लेख लिहिला. चाचांनी त्याला समोरासमोरची दोन पाने दिली. डाव्या पानाच्या तळाशी तंबोरा घेतलेली बाई, वर सगळे कोरे. उजवीकडे माझा मजकूर, मग चार बोटे रिकामी जागा, मग तिच्या गाण्याची चीज. तुमचीही नजर तंबोऱ्याच्या दांडीवरून वर चढली असती, त्या रिकाम्या जागेत थबकली असती आणि मगच चिजेवर उतरली असती.

आमच्या गावचा एक पाहुणा म्हणाला, “लई कागद वाया घातला की राव! यात माझा बैल बी बसला असता.”

चाचा म्हणाले, “गातो का बैल? मग आणा, भाऊ.”

त्या दिवसांत छापखान्यांवर सरकारचा डोळा होता. दगडावरची ओळ घासून काढली की छापात तेवढी जागा कोरी येते, हे फौजदाराला ठाऊक होते. तो छापखान्यात आला आणि त्याने त्या चार बोटांवर छडी ठेवली.

“इथलं काय पुसलंस?”

“काय नव्हतंच, साहेब.”

“मग जागा कशाला?”

“गाण्याआदी जरा गप बसायला.”

“गप बसायला मी शिकवतो तुला.”

दगड जप्त झाला, दाराला कुलूप लागले. चाचांना चौकशीला पुण्याला नेले. बाजारात ‘राजद्रोह’ हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारीना. टांग्यात चढताना चाचांना पायरी सापडत नव्हती. तरी माझ्या कानाशी म्हणाले, “लेखाखाली तुमचं नाव न्हाई, बरं झालं. तुमी यात पडू नका.”

मी घरी येऊन कडी लावली. दारावरून कोणी गेले तरी दिवा फुंकून टाकी.

चाचा त्या चौकशीतून सुटले आणि पुढे म्हातारे होऊन आपल्या घरी, आपल्या माणसांत वारले. पण ती चौकशी चालू असतानाच, एके दिवशी कडी काढून मी पुण्याला त्यांना जे पत्र पाठवले, ते असे:

“चाचा, तो लेख मी लिहिला. त्या जागेतून एक अक्षरही पुसलेले नाही. पहिला खर्डा माझ्याजवळ आहे. हे पत्र साहेबांना दाखवा. खाली माझे नाव आणि शाळेचा पत्ता लिहिला आहे. उद्या खर्डा घेऊन मी स्वतः निघतो. तोवर कशावरही सही करू नका.”