भुईगावात एलिनचा तपास

आमच्या माणिकपूरच्या बिल्डिंगमध्ये टँकरचं पाणी येतं. टाकी धुतली की तळाशी बादलीभर गाळ निघतो. तो कोणी मुद्दाम टाकलेला नसतो, तरी निघतो. आमच्या ग्रुपच्या किश्शांचं तसंच आहे. आम्ही नुसते गेम खेळायला बसतो. किस्से आजूबाजूची मोठी माणसं आणून टाकतात.

ग्रुप म्हणजे आम्ही तिघं. मी, इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलेला. सायली, माणिकपूरच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढणारी. आणि ग्लेन, भुईगावचा, ज्याच्या घरी चांगला कॉम्प्युटर आहे, मोठा टीव्ही आहे आणि मागे केळीची वाडी आहे. गोळ्या झाडायचे गेम आम्हाला जमत नाहीत. आम्ही खुनाच्या गोष्टीवाले खेळतो, ज्यात फिरायचं, लोकांशी बोलायचं आणि कोण खोटं बोलतंय ते ओळखायचं. नियम एकच. तिघं हजर असल्याशिवाय गोष्ट पुढे न्यायची नाही.

सगळ्यात जास्त वाट बघायला लावली ती एलिनने. एलिन म्हणजे एका गेममधली, तळ्याकाठच्या हॉटेलात नोकरीला आलेली पोरगी. एका सकाळी ती तळ्यात मेलेली सापडते आणि तिथेच पहिला भाग संपतो. दुसऱ्या भागात खुनी कळणार होता. तो भाग दिवाळीत येणार होता. मग नाताळात. मग कंपनीने माफी मागितली आणि तारीख द्यायचंच बंद केलं.

दरम्यान ग्लेनच्या पप्पांनी, म्हणजे बेनीअंकलनी, त्याला क्रूझवर हाऊसकीपिंगला पाठवायचं ठरवलं. ग्लेनला वाडी करायची होती. त्याला कोणी विचारलं नाही. बाहेर गेल्याशिवाय माणूस बनत नाही, असं अंकलचं मत. स्वतः अंकल नोकरीसाठी अंधेरीच्या पुढे कधी गेले नाहीत.

जहाजावर नोकरी लावणारा एजंटही तारखा पुढे ढकलत होता. त्यामुळे गेम आधी येतो की जहाज, अशी शर्यत लागली. जहाज आधी लागलं तर ग्लेन नऊ महिने समुद्रात, आणि तोवर इंटरनेटवर कोणीतरी खुन्याचं नाव फोडणारच.

ग्लेन फार बोलत नाही. तेव्हा एवढंच म्हणाला, "तिला कोणी मारलं ते कळल्याशिवाय मी लोकांच्या बेडशीट बदलायला जाणार नाही."

* * *

गेम येईना, पण ट्रेलर आला. ट्रेलरच्या सुरुवातीला चर्चची घंटा वाजते. संथ, एकेक टोला. आम्ही तो ट्रेलर दिवसभर मागेपुढे करून बघत होतो. हॉटेलच्या खिडकीत कोण उभं आहे, हा वाद होता. आवाज मोठा, खिडक्या उघड्या.

भुईगावात घंटा अशी संथ वाजली की कोणीतरी गेलं असं समजतात. शेजारचे जॅकीअंकल आधी अंगणात येऊन उभे राहिले. मग आत गेले, मयताला जाताना घालायचा पांढरा शर्ट आणि काळी पँट घालून ग्लेनच्या दारात आले आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

बेनीअंकलनी आमच्याकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं.

"त्याचाच तपास चाललाय," ते म्हणाले.

* * *

शेवटी गेम आधी आला. पाठोपाठ जहाजाची तारीख सांगायला एजंटचा फोनही आला. म्हणजे मधे जेमतेम काही आठवडे मिळाले.

त्यातही ग्लेनच्या घरी संध्याकाळी रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना असते. भूकंप झाला तरी असते. घरातलं आल्तार, म्हणजे येशू-मरियेच्या तसबिरी आणि मेणबत्त्या, टीव्हीच्याच भिंतीवर आहे. आंटी, म्हणजे ग्लेनची मम्मी, माळ घेऊन आल्या की जो सीन असेल तिथे पॉज करायचा आणि सगळ्यांनी गुडघ्यावर. सायली आणि मी ख्रिश्चन नाही, पण त्या घरात सोफ्यावर बसून राहायची हिंमत कोणाची नाही. प्रार्थनेचं मागचं अर्धं आता आम्हाला झोपेतही म्हणता येतं.

त्या दिवशी पॉज केला तेव्हा पडद्यावर पोस्टमॉर्टेमच्या टेबलावरची एलिन होती. निळी पडलेली, डोळे उघडे. बाहेरून कोणी बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, हे कुटुंब प्रेतापुढे गुडघे टेकतंय.

रोझरी संपताना आंटी नेहमी आजारी नातेवाइकांची नावं घेतात. त्या दिवशी त्यांनी शेवटी एलिनचंही घेतलं. ग्लेन म्हणाला, मम्मी, ती खरी नाही. आंटी म्हणाल्या, खरी नसेना का, मेली तर आहे ना.

दोन दिवसांनी आंटींनी मला बाजूला घेऊन एलिनचं आडनाव विचारलं. मी म्हटलं, कशाला?

"तिच्या नावाने चर्चमध्ये मिस्सा ठेवायची आहे, तिच्या आत्म्यासाठी. पॅरिश ऑफिसमध्ये पूर्ण नाव विचारतात."

आडनाव गेममध्ये अजून आलं नव्हतं. आंटी म्हणाल्या, मग लवकर शोधा, तुमचं नुसतंच चाललंय.

* * *

सायलीमुळे आमचा एक अख्खा रविवार वाया गेला. हॉटेलच्या किचनमध्ये एका टॉवेलवर लाल डाग सापडला. मी म्हटलं, सॉस असेल. सायलीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिची डिग्रीच फाडली.

"मी रोज काय काढते? उसाचा रस?"

मग ती म्हणेल तिकडे आम्ही गेलो. तिच्या मते ते रक्त कालचं, आणि जखम हाताची. ज्याच्या हाताला पट्टी दिसली त्याला आम्ही छळलं. एका म्हाताऱ्या पाहुण्याला इतक्यांदा तेच विचारलं की तो आमच्याशी बोलायचाच बंद झाला. नंतर कळलं, त्याच्याकडे महत्त्वाची माहिती होती.

संध्याकाळी स्वयंपाकीणबाईने आपण होऊन सांगितलं की टॉवेलला चेरीचा जॅम लागलाय.

सायली जराही ओशाळली नाही. म्हणाली, "सॉस नव्हता ना?"

* * *

माझे बाबा एकदाच भुईगावला आले. माझा फोन बंद होता आणि त्यांनी कोणाच्या तरी ओळखीने माझ्यासाठी एका गोडाऊनमध्ये इंटरव्ह्यू ठरवला होता. बाबांचा ओळखीवर फार विश्वास. स्वतःच्या ऑफिसात जन्म काढून त्यांची ओळख गेटवरच्या वॉचमनपलीकडे गेली नाही, ते सोडा.

ते रागातच आले होते, पण आंटींनी चहा दिला. दुसऱ्याच्या घरी ओरडायचं नाही, एवढे संस्कार बाबांवर आहेत. बसले. टीव्हीवर आमचा डिटेक्टिव्ह पावसात तळ्याकाठी चिखल चाचपत होता. बाबा बघत राहिले. चहा संपला तरी बघत राहिले. मला क्षणभर वाटलं, अडकले. ग्लेनलाही वाटलं. त्याने त्यांना सगळी केस समजावून सांगितली. हा डिटेक्टिव्ह किती हुशार, वरिष्ठांनी केस बंद कर सांगितली तरी कसा एकटा झगडतोय वगैरे.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग कप खाली ठेवून विचारलं, "याला पगार किती?"

गेममध्ये ते कुठेच आलं नव्हतं.

"मग ऊठ," बाबा मला म्हणाले.

* * *

बेनीअंकल आमच्याबरोबर कधी बसले नाहीत. वेळ फुकट घालवणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. ते मागून जात. चष्मा शोधायला, पेपर ठेवायला, पंखा कमी करायला. प्रत्येक फेरीत सोफ्यामागे थांबत आणि एक आरोपी देऊन जात. मोठ्या माणसांना गोष्ट माहीत असावी लागत नाही. मत असलं की पुरतं.

त्यांचा पहिल्यापासून हॉटेलच्या बागेतल्या माळ्यावर संशय होता. दिवसभर उभाच असतो, म्हणायचे. झाडाला हात लावत नाही. असल्याच माणसाच्या डोक्यात भलतंसलतं येतं. हे म्हणताना त्यांची नजर माझ्यावर असायची.

आता, तो माळी म्हणजे देखावा होता. झाडं असतात, बाक असतात, तसा एक माळी. त्याला नाव नाही, संवाद नाही. शेवटी ग्लेन वैतागून डिटेक्टिव्हला त्याच्यासमोर घेऊन गेला आणि बटण दाबदाब दाबलं. माळी ढिम्म.

"बघितलंत पप्पा? हा बोलतच नाही."

"बोलेल कसा?" अंकल म्हणाले. "अडकेल ना."

* * *

जहाजाची तारीख जवळ आली तसे अंकल घायकुतीला आले. ग्लेन बॅग भरेना. गेम संपल्यावर भरतो, म्हणे. तेव्हा अंकलनी त्यांच्या मते डोकं चालवलं. घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जिथे वाढदिवस आणि मयत सोडून काही येत नाही, त्यांनी कॅनडातल्या पुतण्याला लिहिलं की तुझ्याकडे हा एलिनचा गेम असेल तर खुनी कोण ते इथे सांग, ग्लेनला बॅग भरायची आहे.

ग्लेनला मेसेज दिसला. उत्तर यायच्या आत त्याने ग्रुप सोडला.

नातेवाइकांना फक्त एवढं दिसलं की बेनीने काहीतरी लिहिलं आणि मुलगा तडकाफडकी निघून गेला. वटारच्या आत्याने फोन करून विचारलं की वाटण्या झाल्या का. दुसरीने आंटींना सांगितलं की पोरगी कोण आहे ते आधी बघा, एलिन हे नाव आपल्याकडचं वाटत नाही. अंकल सगळ्यांना गेम समजावत बसले आणि जितकं समजावलं तितकं प्रकरण वाढलं.

संध्याकाळी कॅनडाहून उत्तर आलं. पुतण्याने लिहिलं होतं, "अंकल, मी अजून पहिल्याच भागात आहे. प्लीज मला काही सांगू नका."

* * *

राहिली ग्लेनच्या निघण्याची दुपार.

बॅग हॉलमध्ये उघडी पडली होती. आंटी सुक्या बोंबलाची चटणी पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, अशी गुंडाळत होत्या. आम्ही तिघं टीव्हीसमोर. सगळे पुरावे गोळा झाले होते. होडीचा दोर, मालकाच्या कपाटातला एलिनचा स्कार्फ, मालकाने त्या सकाळबद्दल सांगितलेलं धडधडीत खोटं. हॉटेलच्या मालकानेच मारलं, यात लहान पोरालाही शंका उरली नसती.

पडद्यावर चार चेहरे आले. मालक, नावाडी, एलिनची मैत्रीण आणि एलिनचा बाप. खुनी कोण ते निवडा. नाव एकदाच घेता येतं, नंतर मागे फिरता येत नाही.

चौघांत बाप कशाला ठेवलाय, ते आम्हाला कळलं नव्हतं. तो दूर त्याच्या गावात होता. त्या दिवशी तर कामावर होता, सगळ्यांनी बघितलेला. पोरगी नको म्हणत असताना त्याने तिला त्या हॉटेलात नोकरीला पाठवलं, एवढाच त्याचा गोष्टीशी संबंध.

अंकल गाडी आल्याचं सांगायला आत आले. "अजून झालं नाही?"

मालकाचा चेहरा निवडून ग्लेनचा अंगठा बटणावर तयारच होता. तो तसाच थांबला. मग त्याने कंट्रोलर अंकलपुढे धरला.

"घ्या. तुम्हीच सांगा."

सायलीने माझ्याकडे बघितलं. गेम ग्लेनचा, घर ग्लेनचं, जहाजावर जाणारा ग्लेन.

अंकल गाडीवाला थांबलाय वगैरे म्हणतील असं मला वाटलं. पण त्यांनी हात पँटला पुसले आणि कंट्रोलर घेतला, उलटा. ग्लेनने तो सरळ करून दिला आणि कुठलं बटण ते दाखवलं. आंटी पिशवी हातात धरून दारात उभ्या राहिल्या.

अंकल मालकापासून पुढे सरकले. नावाड्यावर थांबले. मैत्रिणीवर थांबले. मग बापावर आले आणि तिथेच राहिले. बाहेर गाडीवाल्याने हॉर्न दिला. अंकलनी बटण दाबलं.

नक्की का, असं गेमने विचारलं.

"अंकल, तो नाही," मी आणि सायली एकदमच म्हणालो.

अंकलनी पुन्हा दाबलं.

ग्लेन म्हणाला, "पप्पा, मालकाने मारलं तिला. सगळे पुरावे त्याच्याकडे जातात."

"माहीत आहे मला," अंकल म्हणाले. त्यांनी कंट्रोलर सोफ्यावर ठेवला, आंटींच्या हातातली पिशवी घेतली आणि खाली बसून बॅगेत तिच्यासाठी जागा करायला लागले.