भिंतीबाहेरची फुलं

माझ्या बाबांसाठी पोलीस कुणी बोलावले, हे मला अजून कळलेलं नाही.

पाच घरांवर संशय आहे. तीन वर्षं मी त्या पाचही घरांना हसून हाय म्हणते, आणि मनात म्हणते, तूच असशील.

आज बाबांना जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्धासाठी इंदूरला, राजेंद्र नगरच्या घरी आले आहे. म्हणून आज लिहून टाकते.

आई गेल्यावर बाबांना मी कॅनडाला घेऊन गेले होते.
कायमचं. निदान माझा तसा प्लॅन होता.

बाबा रेल्वेत क्लार्क होते. रोज पहाटे पिशवी घेऊन पूजेची फुलं गोळा करायची, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. त्याचा एक कायदाही होता. फांदी कंपाउंडच्या भिंतीबाहेर आली, की फूल देवाचं. आतलं मालकाचं. आतल्या फुलाला त्यांनी कधी हात लावला नाही.

आमच्या कॅनडातल्या गल्लीत भिंतीच नाहीत. लॉन थेट फुटपाथपर्यंत.

चौथ्या दिवशी सकाळी बेल वाजली.
दारात पोलीस. शेजारी बाबा, सदरा-पायजम्यात, ओंजळीत सहा गुलाब.

कुणीतरी फोन केला होता, एक अनोळखी म्हातारा घरांपाशी घुटमळतोय म्हणून.

पोलीस अगदी नम्र होता. घाबरले होते ती मी. पटकन इंग्रजीत म्हणाले, "सॉरी, वय झालंय त्यांचं. हल्ली त्यांना काही समजत नाही."

त्याने मान हलवली आणि तो गेला.

बाबांना इंग्रजी उत्तम यायचं. ऑफिसची सगळी पत्रं तेच लिहायचे.

"बाबा, कोणी केला असेल फोन?" मी विचारत राहिले. समोरच्याच्या दारावर कॅमेरा आहे. डावीकडची जरा जास्तच गोड हसते. कोपऱ्यावरचा कुत्रा फिरवताना आमच्या खिडकीत बघतो. मी यादीच केली.

बाबा म्हणाले, "जाऊ दे ना बेटा. आपल्याकडे असतं तर गेटवरूनच ओरडले असते, काकाजी, दो-चार तो छोड़ दो! आणि मग चहा पाजला असता. इथं भिंतच नाही, तर बाहेरचं कुठलं नि आतलं कुठलं, कसं समजणार?"

त्यानंतर ते एकटे बाहेर पडले नाहीत.
दोन महिन्यांनी म्हणाले, "तिकीट काढ."

तेव्हाही मी शेजाऱ्यांनाच शिव्या घातल्या.

आज सकाळी शेजारच्या वैद्यवहिनी फुलं घेऊन आल्या. "ताई, काकाजी तर तुमची किती तारीफ करायचे! म्हणायचे, मुलीकडे एकदम बढिया आहे, बस पूजेला फूल नाही भेटत, म्हणून आलो."

मी त्यांच्याकडेही संशयानेच पाहिलं. "आणखी काही म्हणाले?"

"नाही ना. का, काय झालं होतं?"

ज्या कॉलनीत एका घरातली शिंक चार घरांना कळते, तिथे पोलिसांचं कुणालाच माहीत नाही. मी काय बोलले, तेही नाही.

पाच घरांवर संशय घेत बसले, कारण सहाव्या, माझ्याच घराचं नाव घ्यायची माझी हिंमत नव्हती.

बाबा, तुम्हाला सगळं समजत होतं. मी खोटं बोलले. तेही एका परक्या माणसासमोर, तुम्ही शेजारी उभे असताना. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आज फोटोला वाहिलेली फुलं वहिनींच्या भिंतीबाहेरची आहेत. मी विचारून घेतलं.

नमस्कार करते, बाबा.