नळीतला पिवळा थर

पावसाळ्यात डेंग्यू झाला आणि मागाहून मूठमूठ केस गळू लागले, म्हणून त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. सिस्टरने माझं रक्त काढलं आणि नळी मशीनमध्ये गरगर फिरवली. खंडेनवमीचा झेंडूचा हार मशीनवर अजून सुकत होता.

नळी बाहेर आली तेव्हा लाल खाली बसलं होतं, वर पिवळसर थर होता. डॉक्टर म्हणाले, "काकू, केस परत यावेत म्हणून हा थर डोक्याच्या त्वचेत टोचायचा. यात दोन प्रकार आहेत. एकात रक्त न गोठण्याचं औषध असतं. ते पातळ राहतं आणि लगेच कामाला लागतं. दुसऱ्यात काहीच घालत नाहीत. ते साखळतं, मग सावकाश झिरपतं. दोन्ही तुमच्याच रक्तातले."

मी मात्र त्या रंगाकडेच बघत राहिले. तापात माझ्या उशाशी टांगलेल्या प्लेटलेटच्या पिशवीत हाच पिवळा होता. तो माझा नव्हता. कुणा अनोळखी माणसाने असाच हात पुढे केला असेल, अशाच मशीनने त्याच्या रक्तातून हा पिवळा वेगळा काढला असेल आणि तो घरी जाऊन निवांत जेवला असेल. त्याच्यामुळे तर मी आज केसांची काळजी करायला उरले होते.

मशीनपुढे माझे हात जोडले गेले.

सिस्टर हसली. "खंडेनवमी परवाच झाली, काकू."

"हो गं," मी म्हटलं, "माझी राहिली होती."